गिअरबॉक्सला नाक असतं

उल्हासच्या हातून जे झालं ते चांगल्या हेतूनं झालं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढं त्याच्या बाजूचं दुसरं वाक्य येईलच याची खात्री नाही.

एका रविवारी सकाळी बेंगळुरूच्या कोरमंगलातल्या आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तो जुन्या जीपमध्ये नवी मॅट बसवत होता. त्यासाठी गिअरच्या दांड्याभोवतीचं पत्र्याचं झाकण काढावं लागलं आणि खाली गिअरबॉक्सची पाठ दिसली. त्या पाठीवर एक छोटीशी पितळी बोंडी होती आणि बोंडीच्या डोक्यावर बारीकसं भोक. उल्हास मूळचा पुण्याचा. उघडं दिसलेलं झाकल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी तो आधी लोणच्याच्या बरणीचं झाकण लावतो आणि मग यजमानांशी बोलतो. ह्या भोकातून धूळ जाईल, पाणी जाईल, असं त्याच्या मनात आलं. बाथरूमच्या नळासाठी आणलेली, दोन वड्या एकत्र मळून लावायची ती लांबी घरात होतीच. त्यानं ती मळली, गोळी केली, भोकावर बसवली आणि अंगठ्यानं चांगली दाबली. तासाभरात ती दगडासारखी झाली. मग झाकण, मग मॅट, मग फोटो. फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला आणि नागपूरहून सासऱ्यांनी लगेच अंगठा पाठवला.

त्या दिवशीचा हा दुसरा अंगठा. पहिला लांबीत रुतून बसला होता आणि त्याची गोष्ट अजून व्हायची होती.

आठ दिवसांनी जीपखाली तेलाचा थेंब दिसला. मग चार दिसले. मग सुचेतानं, म्हणजे उल्हासच्या बायकोनं, आपला केकचा ट्रे गायब असल्याचं जाहीर केलं. तो जीपखाली सापडला, त्यात पाव इंच काळं तेल होतं आणि त्याला असा वास येत होता की त्या ट्रेत पुन्हा केक होणार नाही हे सांगायला कुणाची गरज नव्हती. घराजवळच्या गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्सची तेल अडवणारी सगळी रबरी सील बदलली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पुन्हा थेंब. उल्हासनं त्या गॅरेजला इंटरनेटवर एक तारा दिला आणि खाली लिहिलं की हल्ली कुणाला मन लावून काम करायला नको.

आता ही जीप त्याच्या जिवाला एवढी का लागून राहिली होती? एक तर बेंगळुरूत उल्हासचं बाकी सगळं भाड्याचं होतं. घर भाड्याचं, फ्रिज भाड्याचा, सोफासुद्धा महिन्याच्या बोलीवर. दिवसभर ऑफिसात तो जे बनवायचा ते डोळ्यांना दिसत नसे आणि हाताला लागत नसे. जीप तेवढी हाताला लागायची. कधीकधी हाताला लागलेली साबणानं निघायची नाही. आणि दुसरं म्हणजे ती मल्हाररावांची होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले त्याचे सासरे मल्हारराव यांनी १९९८ साली ती घेतली आणि अर्ध्या विदर्भातले कालवे तिच्यातून पाहिले. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी ती जावयाला दिली, पण मुलगी देताना घातल्या नव्हत्या एवढ्या अटी घालून. शेवटची अट अशी, "गाडी गळताना दिसली, की ट्रकवर घालून मी तिला नागपूरला परत नेणार." मुलीबद्दल ते असं काही बोलले नव्हते.

आणि मल्हारराव शनिवारी विमानानं येणार होते. "मला घ्यायला देवनहळ्ळीच्या विमानतळावर जीपच घेऊन या," त्यांनी फोनवर सांगितलं. "तिला बघून दीड वर्ष झालं." सुचेताला बघूनही दीड वर्षच झालं होतं, पण तो विषय निघाला नाही.

बुधवारी ऑफिसातली हर्षिता म्हणाली, "इथल्या शिवाजीनगरला चंद्रा गिअर वर्क्स म्हणून आहे. बाबांची जुनी गाडी तिथंच नीट झाली. दुसरीकडे जाऊच नकोस." उल्हासनं दुपारी सुट्टी टाकली आणि निघाला. वाटेत प्रत्येक सिग्नलला तो खाली वाकून रस्ता बघत होता. मागचे रिक्षावाले त्याला कन्नडमध्ये जे म्हणाले त्यातलं त्याला काही कळलं नाही ते बरंच झालं.

शिवाजीनगर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, सीटकव्हर शिवणारा आणि बिर्याणीवाला यांच्या मधे ते दुकान होतं. आत टेबलापाशी कपाळावर भस्म लावलेले एक शांत आजोबा स्टीलच्या पेल्यातून कॉफी पीत होते. खाली बुटक्या स्टुलावर साठीची एक बाई बसली होती. नऊवारी नाही, साधीच साडी, पण वर पुरुषी खाकी शर्ट चढवलेला. तिच्यापुढं रॉकेलची परात होती आणि मेथी निवडावी तशी ती त्यातून काहीतरी एकेक काढून ब्रशनं घासत होती. उल्हासनं दोन मिनिटं वाट पाहिली आणि सुचेताला फोन लावला.

"अगं, इथं एक आजोबा कॉफी पितायत आणि एक म्हातारी बाई भांडी घासतेय. मेकॅनिकचा पत्ता नाही. मला नाही वाटत इथं काही होईल."

बाईनं मान वर केली नाही. "मेकॅनिक कुठं गेली न्हाई, हितंच हाय," ती म्हणाली. "आनि ही भांडी न्हवंत, बेअरिंगं हाईत. म्हातारी तेवढं बरोबर बोललासा."

उल्हासनं फोन कानावरून काढला तो बंद न करताच. सुचेताचं हसणं सीटकव्हरवाल्यापर्यंत गेलं.

"सॉरी, सॉरी. मला वाटलं, इथं मराठी..."

"बेंगळुरात कुणाला मराठी कळत न्हाई असं धरून लोक माझ्यासमोर काय काय बोलून जातात," बाई म्हणाली. "मागल्या महिन्यात एक जोडपं हितं बसून आख्खं भांडण करून गेलं. मी मधी पडले न्हाई. पण चूक त्याची हुती."

ही चंद्राबाई. गल्लीत सगळे तिला अक्का म्हणत. माहेर खानापूरच्या बाजूचं, सासर इथलं, आणि कॉफीवाले आजोबा म्हणजे तिचे नवरे नागनाथ अण्णा. दुकान अण्णांच्या वडिलांचं. अण्णांना त्या दुकानातलं सगळं येत होतं, फक्त गिअर तेलाचा वास सहन होत नव्हता. इंजिनाचं तेल चाले, ग्रीस चाले, पण गिअरबॉक्स उघडला की अण्णा नाक धरून रस्त्यापलीकडे. लग्नाला वर्ष झालं तेव्हा एका टॅक्सीचा गिअरबॉक्स असाच उघडा पडला होता, अण्णा रस्त्यापलीकडे होते आणि टॅक्सीवाला घाई करत होता. आतली एक पिन पुरुषांच्या हाताला लागत नव्हती. चंद्राबाईनं पदर खोचला, हात घातला आणि पिन काढून दिली. "वास येतोय म्हणून काय झालं," ती तेव्हा सासऱ्यांना म्हणाली, "सुक्या बोंबलाला येत न्हाई व्हय?" तेव्हापासून गेली चाळीस वर्षं गिअरबॉक्स तिचा आणि कॉफी, फोन, बिल अण्णांचं. संसाराची ह्यापेक्षा स्वच्छ वाटणी उल्हासनं पुण्यात पाहिली नव्हती.

"काय झालंय?" अक्कानं विचारलं.

"गिअरबॉक्स गळतोय. सगळी सील बदलली, तरी गळतोय. गॅरेजवाल्यानं बहुतेक हलकी सील..."

"गॅरेजवाला राहू दे. गाडी आत घ्या."

अक्कानं हातातल्या एक ग्रॅमच्या पाटल्या उतरवून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवल्या. अण्णा उल्हासच्या कानाशी येऊन म्हणाले, "त्या परत हातात चढल्या की काम झालं समजायचं. तोपर्यंत काही विचारायचं नाही. कॉफी घ्या स्वल्प."

उल्हासला वाटलं, आता पाने येतील, नट फिरतील, गिअरबॉक्स खाली येईल. तसं काही झालं नाही. अक्का फळीवर आडवी होऊन जीपखाली सरकली आणि रॉकेलच्या फडक्यानं गिअरबॉक्स पुसायला लागली. तासभर पुसत होती. मग खालून हात बाहेर आला. "अण्णा, पावडर."

अण्णांनी ड्रॉवरमधून अंगाला लावायच्या पावडरीचा डबा काढून दिला. खालून फुस्स फुस्स आवाज आला आणि दुकानात नुकतंच न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास पसरला. उल्हास वाकून बघायला गेला तर त्याच्या सासऱ्यांचा गिअरबॉक्स पांढराशुभ्र होऊन बसला होता.

"आता जावा, हलसूर तळ्यापर्यंत जाऊन या. सगळे गिअर वापरा. तापू दे चांगला."

जाऊन-येऊन पाऊण तास लागला. त्यातला चौथा गिअर सगळा मिळून अर्धं मिनिट पडला. परत आल्यावर अक्का बॅटरी घेऊन खाली गेली. पांढऱ्या पावडरीवर ओल्या रेघा उमटल्या होत्या.

"पुढनं एक, मागनं एक, वर दांड्यापाशी एक," ती खालून म्हणाली.

"म्हणजे तिन्ही सील गेली?"

"तीन सील एका दिवशी कशी जातील ओ? काय ठरवून पळून जाणार हाईत?"

तिनं पाना मागितला आणि गिअरबॉक्सच्या कुशीतला, तेल घालायचा नट अर्धा फेरा सैल केला. खालून जोरात आवाज आला, अगदी कुकरची शिट्टी वाजायच्या आधी येतो तसा. फुस्सस्स. अण्णा कॉफी घेऊन मुकाट्यानं रस्त्यापलीकडे गेले.

"कुकरची शिट्टी दाबून धरली तर काय होतंय?" अक्कानं विचारलं.

"उडतो."

"हा उडला न्हाई, गळला. तुमच्या नशिबानं शहाणा हाय. आत तेल तापतंय, हवा फुगतीय, तिला जायाला वाट पाहिजे. म्हणून वर नाक ठेवलेलं असतंय ह्याला. त्या नाकातनं ती जाते. नाक बंद झालं तर सीलं ढकलून जाणार, दुसरं काय करंल? कितीबी नवी सीलं घाला." ती बाहेर सरकून उठली. "ह्याचं नाक बघू कुठाय."

उल्हासच्या हातातला पेला कॉफीसकट थंड झाला. कोरमंगलातला तो पुणेरी रविवार त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. पितळी बोंडी. बारीक भोक. दोन वड्या. अक्का मॅट उचलत होती, पत्र्याचं झाकण काढत होती, आणि उल्हासच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "त्या गॅरेजवाल्यानं काही केलं असेल का हो?"

अक्कानं बोंडी फिरवून काढली, उजेडात नेली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. लांबीच्या कडक गोळीवर अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता की कुठल्याही कचेरीनं डोळे मिटून मान्य केला असता. ठशाच्या मधोमध एक तिरकी रेघ होती.

ती उल्हासपाशी आली आणि बांगड्या भरताना कासार धरतो तसा त्याचा उजवा हात तिनं धरला. अंगठा वळवून पाहिला. लहानपणी सायकलच्या चेनमध्ये सापडला होता तो. तिरका वण होता.

"शिकलेलं माणूस सही करतंय ओ," अक्का म्हणाली. "तुम्ही अंगठा लावलासा."

रस्त्यापलीकडून अण्णांना ठसका लागला. म्हणजे ऐकू सगळं येत होतं.

मग उल्हासनं सगळं सांगितलं. रविवार, मॅट, लांबी, फोटो, सासऱ्यांनी पाठवलेला अंगठा. मल्हारराव, कालवे, अटी, शनिवार, देवनहळ्ळी आणि तो ट्रक, ज्यावर बसून जीप नागपूरला जाईल. शेवटी त्यानं विचारलं, "अक्का, गिअरबॉक्स गेला का माझा?"

पाटल्या अजून खिळ्यावरच होत्या. अण्णांनी बजावलं होतं की तोपर्यंत काही विचारायचं नाही. पण अक्कानं तेवढा नियम मोडू दिला.

"दात चांगले हाईत. कान लावून ऐकलंय मी. मागचं सील तेवढं ओठ उलटून बसलंय, ते बदलते. बाकीची दोन नाक मोकळं झालं की गप होतील. आनि त्या गॅरेजवाल्याला बोल लावू नका, त्यानं सीलं झकास बसवल्याती."

पुढचे दोन तास उल्हास स्टुलावर बसून होता. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा खाली आला. नव्या सीलच्या ओठाला अक्कानं आधी बोटानं तेल चोपडलं. "कोरडं बसवलं की पहिल्याच फेऱ्यात फाटतंय," ती स्वतःशीच म्हणाली. मग लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी एकसारखं, खिळा मारताना नव्हे तर झोपलेल्याला उठवताना मारतात तसं हळू ठोकत ते आत बसवलं. बोंडीवरची लांबी टोकदार सळईनं एकाच तुकड्यात निघाली आणि अक्कानं ती जपून बाजूला ठेवली. भोकातून तार फिरली. अक्कानं बोंडी ओठांना लावून फुंकर मारली आणि पलीकडे उल्हासचा तळहात धरला. हातावर गार वारा आला. आपल्या आयुष्यात एवढ्याशा वाऱ्यानं एवढं बरं वाटेल असं उल्हासला कधी वाटलं नव्हतं. त्या भोकावर मुळात एक छोटी टोपी असते, ती कधीच हरवली असणार, म्हणून अक्कानं जुन्या सामानातून एक शोधून बसवली. "ही धूळ अडवती आनि हवा सोडती. तुमच्या मनात हुतं तेच काम, पण अक्कलेनं."

नवं तेल घालताना तिनं करंगळी नटाच्या भोकात घालून पाहिली. "भोकाच्या ओठापर्यंत. वर एक थेंब न्हाई." मग पुन्हा फडकं, पुन्हा पावडर, पुन्हा हलसूर तळं.

परत आल्यावर अक्का खाली गेली. उल्हास उभाच राहिला. बॅटरीचा उजेड इकडून तिकडे फिरला, थांबला, परत फिरला. सीटकव्हरवाल्याचं मशीनसुद्धा थांबलं असं उल्हासला वाटलं. खरं तर त्याचा दोरा संपला होता.

"सरी, झालं," खालून आवाज आला. अक्का बाहेर आली, हात पुसले, खिळ्यावरच्या पाटल्या काढल्या आणि हातात चढवल्या.

उल्हासनं एवढा मोठा श्वास सोडला की अण्णा हसून म्हणाले, "ह्यांचंही नाक मोकळं झालं."

घरी जाऊन त्यानं पहिलं काम केलं ते त्या गॅरेजच्या एका ताऱ्याचे पाच तारे करायचं. दहा मिनिटांत गॅरेजवाल्याचा घाबरलेला फोन आला, "सर, काय झालं? काही प्रॉब्लेम आहे का?"

शनिवारी मल्हारराव विमानतळाबाहेर आले. त्यांनी सुचेताच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जीपच्या बॉनेटवरूनही, आणि तिथं तो जरा जास्त वेळ फिरला. कोरमंगलाला येईपर्यंत ते नुसता गिअरबॉक्सचा आवाज ऐकत होते. पार्किंगमध्ये जीप लावल्यावर त्यांनी वर्तमानपत्र उलगडून गिअरबॉक्सखाली अंथरलं. रविवारी सकाळी चहाच्या आधी ते खाली गेले. उल्हास खिडकीत उभा होता. मल्हाररावांनी पेपर उचलला, दोन्ही बाजू पाहिल्या, उन्हात धरला. मग पायरीवर बसून खिशातून पेन काढलं आणि त्याच पेपरातलं शब्दकोडं सोडवायला लागले.

सुचेता शेजारी येऊन म्हणाली, "झालं. सुटलास." त्या रविवारी तिनं नव्या ट्रेमध्ये केक केला आणि उल्हासनं तीन तुकडे खाल्ले.

पण मल्हारराव खात्यात तपासणी करून निवृत्त झालेले. सोमवारी सकाळी ते म्हणाले, "इतकं कोरडं काम मी नागपुरात पाहिलं नाही. त्या माणसाला भेटायचंय मला."

"बाई आहेत त्या."

"मग तर भेटायलाच पाहिजे."

शिवाजीनगरला पोचेपर्यंत उल्हासला आठवलं नव्हतं, पोचल्यावर आठवलं. अण्णांच्या टेबलामागे भिंतीवर एक फळी होती, बुधवारी त्यानं बसल्या बसल्या पाहिलेली. त्यावर गिऱ्हाइकांनी आपल्या बुद्धीनं केलेल्या दुरुस्त्या ओळीनं मांडल्या होत्या: टाकीच्या भोकात कोंबलेला अंगाच्या साबणाचा तुकडा, वॉशरच्या जागी घातलेली पंचवीस पैशांची चपटी झालेली नाणी, नाडीचा फास मारलेला नट. आणि त्या ओळीच्या शेवटी, नवीकोरी, लांबीची एक गोळी. ठसा वरच्या बाजूला करून ठेवलेली.

मल्हाररावांनी अक्काला नमस्कार केला, गिअर तेलाबद्दल चार प्रश्न विचारले, चार उत्तरांवर मान हलवली. मग नेमके फळीपाशी गेले. नेमकी तीच गोळी उचलली. नव्या डोळ्यांनी निरखली.

"ही काय भानगड?"

"नाक बुजवलं हुतं एकानं," अक्का म्हणाली. "गिअरबॉक्सचं."

"अंगठा दाबून!" मल्हारराव पोट धरून हसायला लागले. "कोण हो हा गाढव?"

उल्हासनं उजवा हात खिशात घातला. अण्णांनी कॉफीत तोंड खुपसलं. अक्कानं मल्हाररावांकडे पाहिलं, उल्हासच्या खिशाकडे पाहिलं.

"गिऱ्हाइकाचं नाव आमी सांगत न्हाई. डाक्टर सांगतोय व्हय?"

"बरोबर आहे, बरोबर आहे," मल्हाररावांनी डोळे पुसत गोळी जागेवर ठेवली. "जावईबापू, तुमच्या हातात जीप बरी आहे. असल्या माणसाच्या हातात पडली असती म्हणजे!" आणि ते अण्णांच्या हातची कॉफी घ्यायला टेबलापाशी जाऊन बसले.

उल्हासच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आनंदानं. अक्का पाटल्या काढून दुसऱ्या गाडीखाली सरकत होती. तो त्या गाडीपाशी उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्का, तुमचे उपकार कसे फेडू? नाव सांगितलं नाहीत ते."

खालून तिचाही हळूच आवाज आला, "सांगितलं असतं तर गाडी नागपूरला गेली असती, मग तुमच्यासारखं गिऱ्हाईक मला परत कुठनं मिळालं असतं?"